खडबडीत नळीतले तांबे काढताना या चुका टाळा

जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या, म्हणजे .३०३ ली-एनफिल्ड रायफलीच्या, नळीतून तांबे विरघळवणाऱ्या द्रावणाची विसावी चिंधी काढावी आणि तीही तांब्याने निळीच निघावी, हा अनुभव अशी रायफल बाळगणाऱ्या बहुतेकांना आलेला असतो. गोळीचे कवच सामान्यतः ९५ टक्के तांबे आणि ५ टक्के जस्त अशा मिश्रधातूचे असते. गंजाने खड्डे पडलेल्या नळीतून गोळी जाताना हे मऊ कवच खरवडले जाते, आणि त्याचा थर साठला की नेम विस्कटतो. मात्र अशा नळीचे नुकसान मला तांब्यापेक्षा ते काढण्याच्या हट्टानेच अधिक झालेले दिसले आहे.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळीचे मागचे टोक बंद करणारा सरकता दांडा) काढावा आणि तोंडाकडून तिरका प्रकाश टाकून पाहावे. नळीतल्या वळणदार खाचांमधल्या उंचवट्यांवर नारिंगी पट्टे दिसले तर ते तांबे होय. जुन्या लष्करी काडतुसांच्या कवचात सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के निकेल असे, त्यामुळे त्याचा थर रुपेरी दिसतो आणि पोलादावर सहज ओळखू येत नाही. निव्वळ रंगावर विसंबणे ही म्हणूनच पहिली चूक ठरते. याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. सफाईच्या गजाच्या टोकाची चिंधी धरणारी बोंडी पितळेची असेल किंवा ब्रश काशाचा असेल, तर अमोनियायुक्त द्रावण त्यांच्यावरही काम करते आणि स्वच्छ नळीतूनही निळी चिंधी बाहेर येते. शंका असल्यास पितळी बोंडीला द्रावणात भिजलेली चिंधी गुंडाळून दहा मिनिटे नुसती बाजूला ठेवावी, म्हणजे निळा रंग कोठून येतो ते कळते. नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकची बोंडी वापरल्यास हा प्रश्नच उरत नाही.

द्रावण चालत नाही अशी तक्रार असते, तेव्हा तांब्यावर बसलेली दारूची काजळी हे त्याचे नेहमीचे कारण असते. प्रत्येक फैरीबरोबर काजळी आणि तांबे यांचे थर एकमेकांवर चढत जातात, त्यामुळे आधी काजळी काढणारे द्रावण, मग कोरडी चिंधी, मग तांबे काढणारे द्रावण आणि पुन्हा काजळीचे, असा फेरा करावा लागतो. अमोनियाचे द्रावण रात्रभर नळीत ठेवू नये, कारण पोलादावर डाग पडण्याचा धोका असतो. बाटलीवर लिहिलेली वेळ हीच मर्यादा मानावी. काम उघड्या खिडकीजवळ करावे आणि त्या द्रावणाजवळ ब्लीच आणूच नये, त्यातून विषारी वायू तयार होतो.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र मिठाची आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर उरणारा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत एका रात्रीत गंज धरू शकतो. तेल हा क्षार विरघळवत नाही. त्याला पाणीच लागते. त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओतून ती पूर्ण कोरडी करावी. खड्डे बहुधा याच गंजातून पडतात आणि पुढे तांबे त्याच खड्ड्यांना चिकटते, एवढे लक्षात घेतले तरी सफाईचा क्रम आपोआप सुधारतो.

ली-एनफिल्डचा बोल्ट मागून निघतो, त्यामुळे गज मागूनच घालावा. पुढून घातलेला गज, किंवा तिरकी ओढलेली फुलथ्रूची, म्हणजे नळीतून चिंधी ओढण्याची, दोरी, नळीचे तोंड एका बाजूने झिजवते, आणि गोळी शेवटची स्पर्श करते ती तिथेच. पॉलिश पेस्टने खड्डे जातील ही आशाही सोडावी. खड्डा पृष्ठभागाच्या खाली असतो, त्यामुळे घासून झिजतात ते भोवतालचे उंचवटे.

अशी नळी शंभर टक्के तांबेमुक्त करण्याची गरज नाही. सफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या भरकटून पुढच्या एकत्र पडत असतील, तर त्या नळीला थोडा थर हवा आहे असे समजावे. नेम कितव्या गोळीनंतर सैल होतो ते वहीत नोंदवून त्याच्या थोडे आधी सफाई करावी. रायफल ठेवताना नळीत तेलाचा पातळ हात द्यावा आणि पुढच्या वेळी पहिली गोळी भरण्यापूर्वी ते कोरड्या चिंधीने पुसून काढावे.