पुण्याची हजेरी मोठी की सोलापूरची?

मी बांधकामावर सळई बांधतो, चौदा वर्षं झाली. पुण्यात हजेरी, म्हणजे एका दिवसाची मजुरी, 1000, सोलापुरात 750 धरा. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, महिन्याचा हिशेब मांडा. तिकडं 24 हजेऱ्यांचे 24,000. खोली, खानावळ, येणंजाणं मिळून 11,000 गेले, उरले 13,000. इथं 22 हजेऱ्यांचे 16,500. चहा-पेट्रोलचे 3,000 वजा केले तरी 13,500 हातात. घरखर्च दोन्हीकडे तोच, तो बाजूला ठेवा. पावसातले खाडे आणि जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला येता तो आठवडाही बिनपगारी धरा.

ठेकेदाराला आधीच विचारा, खोली कोण देणार? आठ तासांवर दुप्पट दर मिळणार का? एकानं माझ्या बारा हजेऱ्या बुडवल्या. तेव्हापासून वहीत रोज तारखेसकट लिहितो. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी बांधून न्या. पहिल्या आठवड्याची खानावळ वाचते.