मूल चिडलंय आणि आपण समजावत बसलोय? या चुका टाळा

साडेसातची वेळ. लोकलमधून उतरून, स्टेशनबाहेर भाजी घेऊन आपण घरात शिरतो आणि चपला काढता काढताच विचारतो, "होमवर्क झाला का? डबा संपवलास?" दिवसभर शाळेत, क्लासमध्ये, पाळणाघरात शहाण्यासारखं वागलेलं मूल नेमकं तेव्हाच भोकाड पसरतं. कारण काय, तर पेन्सिल सापडत नाही.

इथे आपण सगळ्यात मोठी चूक करतो. ते रडत असतानाच त्याला समजवायला लागतो. मी कित्येक वर्षं हेच केलं. "एवढ्याशा गोष्टीवरून कुणी रडतं का, तू मोठी झालीस ना आता," असं लेकीला सांगत राहायचे आणि तिचा आवाज चढतच जायचा. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. सात वर्षांच्या मुलाला राग अनावर झाला की आपली वाक्यं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्या वेळी जवळ बसा, आवाज खाली आणा आणि एकच वाक्य बोला: "पेन्सिल हरवली म्हणून राग आलाय ना?" मग थांबा. पेन्सिल कुठे ठेवायची, हे बोलणं जेवण झाल्यावर. गरम वरणभातावर घालतो तशी लांब, हळू फुंकर घालायला शिकवा, पण मूल खुशीत असताना. रडण्याच्या भरात नवीन काही शिकता येत नाही.

दुसरी चूक शब्दांची. मुलांना विचारलं तर सगळ्याचं उत्तर एकच, "कंटाळा आला." त्याखाली काय दडलंय हे त्यांनाही सांगता येत नाही, कारण आपण घरात ते शब्द वापरतच नाही. हिरमुसणं, धास्ती वाटणं, ओशाळणं, हेवा वाटणं, एखाद्याचं बोलणं लागणं, किती नेमके शब्द आहेत मराठीत! "आज साहेबांचं बोलणं मला लागलं, म्हणून मी गप्प आहे," असं आपणच म्हणून बघा. आणि "मुलगे रडत नाहीत" हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका, आजोबा म्हणाले तरीही.

रडं थांबवायला मोबाइल देणं ही तिसरी. भिंतीपलीकडे शेजारी ऐकतात, सासूबाई बघतात, म्हणून आपण देतो, हे मला कळतं. पण दर वेळी फोनने रडं थांबलं तर त्या अवस्थेतून स्वतः बाहेर यायची सवय मुलाला लागणार कधी? त्यापेक्षा गॅलरीत उभे राहा, जिना उतरून बिल्डिंगखाली एक चक्कर मारून या. वन रूम किचनमध्ये मुलाला वेगळी खोली कुठून देणार? कपाट आणि पलंगामधली जागा, तिथे एक उशी, एवढंही पुरतं. मात्र शिक्षा म्हणून तिथे कधीही बसवू नका, नाहीतर त्या जागेचा उपयोग संपला.

झोपेचा हिशोबही करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. बाबा दहाला घरी आले, मग एकत्र जेवण, झोपायला साडेअकरा आणि सकाळच्या शाळेसाठी सहाला उठायचं, म्हणजे झाले साडेसहा तास. अशा मुलाची चिडचिड हट्ट म्हणून मोजू नका. शाळेच्या दिवशी मुलांना आधी जेवू घाला, एकत्र जेवण शनिवार-रविवारी होऊ दे.

दप्तर आपणच भरून देणं, शेजारच्या मुलाशी तुलना करणं, या सवयीही सोडायलाच हव्यात. दप्तर त्याला भरू द्या. एखादी वही विसरेल, विसरू दे.

आणि शेवटची, फार महागात पडणारी चूक: "वयच तसं आहे" म्हणून वाट बघत बसणं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास असेल, झोप-जेवण बदललं असेल, शाळेचं नाव काढताच पोटात दुखत असेल तर मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मूल मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, परीक्षा तोंडावर असली तरी.