ताप वाढला, पण कशामुळे? पूरग्रस्त भागातल्या नोंदी वापरताना या चुका टाळा

पाकिस्तानात २०२१ साली हिवतापाचे सुमारे ५ लाख रुग्ण होते, २०२२ साली सुमारे २६ लाख. हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. मध्ये आला तो ३ कोटी ३० लाख लोकांना तडाखा देणारा पूर. आकडे इतके बोलके की आपण पावसाचा आणि तापाचा आलेख शेजारी शेजारी काढतो, खाली ‘हवामान बदलाचा परिणाम’ असं लिहितो आणि मोकळे होतो. निष्कर्ष बरोबरही असेल, पण त्या आलेखातून तो निघत नाही.

रजिस्टरातले रुग्ण म्हणजे गावातले रुग्ण, असं धरणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. त्या पुरात हजाराहून अधिक आरोग्य केंद्रांचं नुकसान झालं. अशा आठवड्यांत नोंदी शून्यावर येतात. ताप कुठेच गेलेला नसतो, तो लिहून घेणारा माणूस तिथे नसतो. मग फिरता दवाखाना येतो, सोबत रॅपिड टेस्टचे खोके आणि मोफत औषधं. आलेख उभा चढतो. त्यातली किती चढण डासांची आणि किती दवाखान्याच्या गाडीची?

म्हणून दर आठवड्याला पथक किती दिवस बसलं, किती जणांची तपासणी झाली आणि किट मध्येच संपले का, हे रकाने आधी भरा. ‘रुग्ण नाही’ आणि ‘नोंद नाही’ यांना वेगळी खूण द्या. एक्सेलच्या बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात. पॉझिटिव्हचं प्रमाण काढलं म्हणजे सुटलो, असंही नाही. किट कमी पडले की तापाने फणफणलेल्यांचीच तपासणी होते आणि प्रमाण फुगतं. शिवाय फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीसाठीची एचआरपी-२ टेस्ट (ती या परजीवीचं एक प्रथिन शोधते) औषध घेऊन बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. आईने त्याच मुलाला पुढच्या छावणीत दाखवलं, की रजिस्टरात एक रुग्ण वाढला.

एखाद्या आठवड्याचा आकडा अचानक पडलेला दिसला, तर संख्याशास्त्राकडे धावण्याआधी रजिस्टर लिहिणाऱ्या नर्सताईंना फोन करा. रस्ता वाहून गेला होता का, एवढंच विचारा.

पाऊस आणि ताप एकाच आठवड्यात जुळवणं

अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस, डासाच्या अंगात परजीवी तयार व्हायला जवळपास तेवढेच, आणि चावल्यावर ताप यायला आणखी दहा-पंधरा. महिना तर सहज जातो. कॉलऱ्याला हा हिशेब लागू नाही, तो काही तासांत ते पाच दिवसांत गाठतो. २०१९ साली १४ मार्चच्या रात्री इडाई चक्रीवादळ मोझांबिकमधल्या बेइरावर धडकलं आणि २७ मार्चला तिथे कॉलऱ्याची साथ जाहीर झाली.

पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात आणखी एक मेख आहे. तिथे व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीचे रुग्ण भरपूर असतात, आणि हा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. जानेवारीतला ताप जानेवारीच्या हवेच्या माथी मारता येत नाही. यकृतातला हा परजीवी मारणाऱ्या प्रायमाक्विन या औषधाचा कोर्स पूर्ण झाला का, ही नोंद मिळाली तर ती जपून ठेवा.

पाणी फक्त आभाळातून येतं, असं समजणं

सप्टेंबर २०२२ मध्ये सिंधमधलं सेहवान शहर वाचवण्यासाठी मंचर तलावाचा बांध मुद्दाम फोडला गेला. आसपासची गावं पाण्याखाली गेली. त्या गावांच्या पर्जन्यमानात हे पाणी शोधून सापडणार नाही. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको, वरच्या पाणलोटातला पाऊस आणि धरणांचा विसर्ग काय करतो ते त्यांनी भोगलंय. तेव्हा पावसासोबत उपग्रहाचे पूरनकाशे घ्या आणि पाणी किती दिवस साचून होतं ते मोजा. सिंधच्या सपाट मुलखात ते काही ठिकाणी महिनोन्‌महिने हटलं नाही, आणि डासांना हवं असतं ते तेच.

पूर आणि हवामान बदल एकच मानणं

टोकाच्या हवामानात हवामान बदलाचा वाटा किती हे तपासणाऱ्या वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या गटाने सिंध-बलुचिस्तानातल्या सर्वाधिक पावसाच्या पाच दिवसांचा अभ्यास केला. हवामानाच्या काही संगणकीय प्रारूपांनुसार तापमानवाढीमुळे त्या पावसाचा जोर ५० टक्क्यांपर्यंत वाढला असावा, पण अनिश्चितता मोठी, असं त्यांनीच नमूद केलं. हा आकडा पावसाचा आहे, हिवतापाचा नाही. पाऊस आणि ताप यांच्यामध्ये फुटलेले बांध, न मिळालेल्या मच्छरदाण्या आणि उघड्यावर झोपलेली माणसं आहेत. तुमच्या नोंदी यातल्या एकाच टप्प्याच्या असतील, तर ‘पुरानंतर आमच्या दवाखान्यांत हिवतापाचे रुग्ण वाढले’ असं शीर्षक द्या.