देवासमोर स्वतःचा हिशेब द्यायची तयारी कशी करायची

आधी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय उघडा आणि 10 ते 12 वचनं हळू वाचा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे सरळ विचारतो की तू आपल्या भावाला दोष का लावतोस, आणि लगेच सांगतो की आपल्यातला प्रत्येक जण आपापल्याविषयी देवाला हिशेब देईल. "आपापल्याविषयी" हा शब्द अंडरलाइन करा, सगळी तयारी तिथूनच सुरू होते.

कारण आपल्याकडे दुसऱ्याचा हिशेब नेहमी तयार असतो. माझं भावाशी भांडण झालं होतं आणि मी कितीतरी महिने रोज रात्री प्रार्थनेत देवाला त्याच्याच चुका सांगत होतो, अगदी तारखांसकट, आणि मला वाटायचं मी प्रार्थना करतोय.

तर आता करायचं असं की रात्री झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं काढा, फोन लांब ठेवा, वही घ्या. सुरुवात स्तोत्र 139 च्या शेवटच्या दोन वचनांनी करा, "देवा, माझं मन पारखून बघ" असा त्याचा सूर आहे, म्हणजे तपासणारा देव आहे, आपण नाही. मग दिवसभरातलं जे आठवेल ते लिहा, पण प्रत्येक वाक्य "मी"ने सुरू करायचं. "त्याच्यामुळे", "तिने आधी सुरू केलं" असं काही आलं की खोडा. एदेन बागेत आदामाने हेच केलं, तू दिलेल्या स्त्रीने मला फळ दिलं म्हणाला, आणि हव्वेने सापाकडे बोट दाखवलं, पण देवाने तिघांनाही वेगवेगळं उत्तर दिलं.

"आमचं घराणंच तापट" हेही चालत नाही बरं का. यहेज्केल संदेष्ट्याच्या काळात लोक म्हणायचे, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. देवाने ती म्हणच बंद करायला सांगितली, त्याच्या पुस्तकाचा 18वा अध्याय पूर्ण वाचा. आणि हे उलट्या बाजूनेही लागू होतं जे आपण विसरतो, नीतिमान बापाचं पुण्य दुष्ट मुलाच्या खात्यात जात नाही, म्हणजे आजोबा चर्चचे पाळक होते, आई उपास-प्रार्थना करायची, ते त्यांचं.

काय काय तपासायचं? एक तर शब्द. मत्तय 12:36 मध्ये येशू म्हणतो की माणसं जो जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशेब द्यावा लागेल, आणि मला तरी वाटतं की खात्री न करता कुणाविषयी पुढे ढकललेला मेसेजही त्यात आला. पण जास्त वेळ द्या न केलेल्या गोष्टींना. मत्तय 25 मध्ये न्यायाच्या वेळी प्रभू ज्यांना डावीकडे उभं करतो त्यांच्यावर चोरीचा किंवा खुनाचा आरोपच नाहीये, भुकेल्याला खायला दिलं नाही, आजाऱ्याला भेटले नाहीत, एवढंच, आणि ते खरोखर गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना आठवतच नाही. म्हणून वहीत रोज एक ओळ ही ठेवाच, आज कोण समोर होतं आणि मी बघितलं नाही.

दुसऱ्याच्या वहीशी तुलना नको, ज्याला जास्त दिलंय त्याच्याकडून जास्त मागितलं जाईल (लूक 12:48).

आता हे वाचून काहींना धडकी भरते, काही जण चांगल्या कामांची बेरीज करायला लागतात. दोन्ही नको. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, कर्मांनी नाही, इफिस 2:8-9 स्पष्ट आहे. तरी तोच पौल 2 करिंथ 5:10 मध्ये विश्वासणाऱ्यांना लिहितो की आपण सगळे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहणार. 1 करिंथ 3 मध्ये हे दोन्ही एकत्र येतं, एखाद्याचं काम जळून जाईल, त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः वाचेल, जणू आगीतून. म्हणून लिहून झालं की त्याच रात्री पाप कबूल करा, 1 योहान 1:9 चं वचन धरून, आणि क्षमा मिळाली असं मानून झोपा, तेच पान उद्या परत उकरायचं नाही.

फक्त जे माणसाचं देणं आहे ते माणसालाच द्यायचं. लूक 19 मधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं. मत्तय 5 मध्ये तर येशू अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. पैसे असतील तर परत करा, खोटं बोलला असाल तर ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर दुरुस्त करा. मी भावाला फोन करायच्या आधी माफीचं वाक्य कागदावर लिहिलं, त्यात दोन ठिकाणी "पण" आला होता, तो खोडला, आणि मग नंबर लावला.