लीशमॅनियाच्या प्रयोगशाळेतलं पहिलं वर्ष

लीशमॅनिया म्हणजे वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या कालाआजार या तापाचा परजीवी, आणि आमची प्रयोगशाळा त्याच्यावरच काम करते. गेल्या महिन्यात आमच्याकडे दोन मुली नव्याने रुजू झाल्या. एक कळव्याची, एक कोपरखैरण्याची. पहिल्याच दिवशी दोघींचा एकच प्रश्न: "ताई, परजीवी कधी दाखवणार?" मी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लांबट, सडपातळ जीव, पुढच्या टोकाला शेपटी, आणि ती शेपटीच अख्ख्या देहाला ओढत नेते. मधेच दहा-वीस जण शेपट्या गुंतवून फुलासारखे जमलेले. पाच वर्षं झाली, तरी हे बघताना माझा हात थांबतो.

हे झालं वाळूमाशीच्या पोटातलं रूप. माणसाच्या शरीरात हाच जीव गोल होतो, जेमतेम २ ते ४ मायक्रॉनचा, आणि जंतू गिळून पचवणं हे ज्या पेशीचं काम, त्या मॅक्रोफेजच्याच आत आम्लात राहून वाढतो. कोलकात्याजवळच्या डमडमला राहिलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत डॉक्टर लीशमन यांना आणि मद्रासमध्ये डॉक्टर डोनोव्हन यांना दिसले ते हेच गोल ठिपके. दोघांनीही ते १९०३ साली प्रसिद्ध केले, म्हणून परजीवीचं नाव लीशमॅनिया डोनोव्हनी. फ्लास्कमधल्या रूपावर औषध तपासणं सोपं, त्यामुळे सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण रुग्णाला छळतं ते दुसरं रूप, आणि औषधाची खरी परीक्षा मॅक्रोफेजच्या आतच होते.

माझं पहिलं वर्ष नेमकं इथे अडकलं. सीनियरकडून मिळालेलं कल्चर, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेले परजीवी, झकास वाढत होतं. मॅक्रोफेजवर टाकलं की मात्र दहातल्या दोन-तीन पेशींत जेमतेम परजीवी दिसायचे. मी सीरम बदललं, पेशी बदलल्या, रंगवण्याची पद्धत बदलली. तीन महिने रोज संध्याकाळी रबाळ्याहून ठाण्याच्या गाडीत बसताना चुकलं कुठे एवढाच विचार डोक्यात असायचा. मग कपाटात एक जुनी वही सापडली. ते कल्चर एका फ्लास्कमधून दुसऱ्यात चाळीसहून जास्त वेळा गेलेलं होतं. आयतं अन्न मिळत राहिलं की हा परजीवी संसर्गाची ताकद हळूहळू गमावतो, आणि वाढीवरून ते अजिबात कळत नाही. फ्लास्कवर फक्त स्ट्रेनचं, म्हणजे परजीवीच्या वाणाचं, नाव आणि तारीख होती. फ्लास्क बदलण्याच्या अशा प्रत्येक खेपेला पॅसेज म्हणतात. पॅसेजचा आकडा कोणीच लिहिला नव्हता, मीही नाही.

अशा वेळी हॅमस्टरला संसर्ग करून त्याच्या प्लीहेतून परजीवी परत मिळवतात. त्याला प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि आमच्याकडे प्राणीगृह नव्हतं. सुदैवाने द्रव नायट्रोजनमध्ये सुरुवातीच्या पॅसेजची एक कुपी शिल्लक होती, ती काढली. तेव्हापासून नवा स्ट्रेन आला की आम्ही आधी भरपूर कुप्या गोठवतो, आणि दहाव्या पॅसेजनंतर फ्लास्क टाकून देतो.

तापमानाचंही भान ठेवा. शेपटीवाल्या रूपाला साधारण २६ अंश लागतात, मॅक्रोफेजला ३७. नवी मुंबईच्या मे महिन्यात खोलीच तीस पार करते, तेव्हा थंड करणारा बीओडी इनक्युबेटर आणि त्याला जनरेटरची जोड आहे का, हे रुजू होण्यापूर्वी बेधडक विचारा. आणि सुई जपून वापरा. प्रयोगशाळेत सुई टोचून संसर्ग झालेले संशोधक आहेत.

सोसायटीतल्या काकू त्यांच्या कुत्र्याला जवळ घेत विचारतात, "याच्यापासून होतो का गं तुझा तो आजार?" भूमध्य सागराभोवती आणि ब्राझीलमध्ये कुत्रा हा परजीवीचा मोठा साठा आहे, पण तिथली जात वेगळी, लीशमॅनिया इन्फंटम. आपल्याकडे कालाआजार मुख्यतः माणसाकडून वाळूमाशीमार्फत माणसाला होतो. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश ही त्याची राज्यं. बरं झाल्यावरही काहींच्या त्वचेवर डाग उठतात, दुखत नाहीत, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही, आणि त्या डागांतून माशीला परजीवी मिळत राहतो. या साखळीवर काम करणारी माणसं अजून हवी आहेत. पशुवैद्यक शिकलेल्यांनीही यावं, कारण प्राण्यांत परजीवी लपतो का हा प्रश्न त्यांच्याशिवाय सुटणार नाही.

पैशांचं सांगायचं तर नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली की २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं. पीएच.डी.साठी पुण्याचं एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, बघा, तिथे लीशमॅनियावर बरंच काम झालंय. रुग्णांच्या जवळ राहून शिकायचं असेल तर पाटण्याची राजेंद्र स्मारक वैद्यकीय संशोधन संस्था. मुलाखतीला जाल तेव्हा प्रयोगशाळेत फेरी मारायला मागा, आणि एखाद्या फ्लास्कवर पॅसेजचा आकडा लिहिलाय का ते बघा.