ड्रम कोर दाखवायला पाहुणे नेताय? आधी गाणी ऐकवा

मागच्या खेपेला मामांना शिकागोहून इंडियानापोलिसला ड्रम कोरची, म्हणजे मैदानावर कवायत करत वाजवणाऱ्या अमेरिकन पथकांच्या स्पर्धेची, फायनल दाखवायला नेलं आणि सपशेल फसलो. मामांनी पुण्यात एका पथकात पंचवीस वर्षं ताशा वाजवलाय. म्हटलं, एवढे ढोल एकदम ऐकले की खूश होतील, आणखी काय लागतं! तिकिटं वेळेत काढली, जागा चांगल्या मिळाल्या, गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीसुद्धा होती. चौथ्या शोला आजूबाजूचे लोक उभे राहून किंचाळत होते, आणि मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अरे, हे अजून वाद्यं लावूनच घेतायत का? वाजवायला कधी लागणार?"

चूक शंभर टक्के माझी. गाणी ऐकवली नव्हती. या ऑगस्टला मामा पुन्हा येतायत, सोबत मामी, म्हणून काय काय करायचं ते लिहून ठेवतोय. कुणाला उपयोग झाला तर झाला.

पहिलं म्हणजे ओळख. घरी सांगताना 'बँड' हा शब्द वापरू नका, डोळ्यांसमोर वरातीतला बँड येतो आणि मग तो काही जात नाही. सरळ सांगा: पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड. क्लॅरिनेट नाही, बासरी नाही. वाजवणारी पोरं फार तर बाविशीची, एका कोरमध्ये दीडशेच्या वर. फुटबॉलचं अख्खं मैदान वापरून अकरा-बारा मिनिटांचा एक शो करायचा, बस. कलर गार्डला ध्वजपथक म्हणा, पुण्याच्या माणसाला लगेच कळतं. ही स्पर्धा भरवणारी संस्था म्हणजे ड्रम कोर्स इंटरनॅशनल, थोडक्यात डीसीआय. तिची पहिली स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि २००९ पासून फायनलचा मुक्काम इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियमवर आहे. याहून जास्त इतिहास सांगायला जाऊ नका. मी गेलो होतो. मामी फोनवरच झोपल्या.

दिवस शनिवारचाच घ्या. गुरुवारी प्राथमिक फेरी, ती सकाळपासून चालते आणि माझ्यासारख्या वेड्यांसाठी असते. शुक्रवारी उपांत्य. शनिवारी फक्त बारा कोर उरतात, नवख्याला तेवढे पुष्कळ.

जागा वरची. खालची स्वस्त मिळाली, मैदानाला चिकटून मिळाली, तरी नको. मैदानावर जे आकार बनतात, मोडतात, एकमेकांतून आरपार जातात, त्याला ड्रिल म्हणतात आणि ते सगळं वरून बघायला आखलेलं असतं, कारण बरेचसे परीक्षक वर बसतात. कर्ण्यांची तोंडंही त्याच रोखाने उचललेली असतात. खालून तुम्हाला फक्त पाय दिसतील. मधल्या रेषेच्या, म्हणजे पन्नास यार्डांच्या आसपास, वरच्या मजल्यावर, पुढच्या बाजूला. मागच्या बाजूला बसलात तर नाटक विंगेतून बघितल्यासारखं होईल. (खाली बसून छातीवर आवाज घेण्यात मजा आहे, नाही असं नाही. पण ती चौथ्या-पाचव्या वर्षी.)

आता गाणी. हे नीट वाचा, कारण मी नेमकं हेच विसरलो होतो.

ड्रम कोरचा शो स्मरणावर चालतो. अरेंजर, म्हणजे कोरसाठी संगीत बांधून देणारा, एखाद्या मोठ्या रचनेतले वीस सेकंद उचलतो, त्याचा वेग दुप्पट करतो, मध्येच कापून त्याला दुसऱ्याच रचनेची शेपटी जोडतो. ज्याने मूळ ऐकलंय त्याच्या डोक्यात ते वाक्य आपोआप पुरं होतं, आणि मैदानावर ते वेगळ्याच वाटेने गेलं की तो खुर्चीतून उठतो. ज्याने मूळ ऐकलं नाही त्याला बारा मिनिटं नुसती तुकडे-तुकडे पळापळ ऐकू येते. वाद्यं लावून घेतायत असंच त्याला वाटणार. मामांचं काय चुकलं? नाट्यगीताची एक ओळ कुणी सनईवर मधूनच छेडली, तर मामा पहिल्या चार सुरांत ओळखतील आणि शेजारचा अमेरिकन कपाळाला आठ्या घालून बसेल. तेच, फक्त उलट.

कोर कुठला शो करणार, त्यात कुठल्या रचना आहेत, हे उन्हाळ्याच्या तोंडाला जाहीर होतं. ती यादी घ्या. बाराही कोरची नको, तेवढा धीर कुणाला नसतो. तुमच्या आवडीचे चार-पाच निवडा. मूळ रचना शोधा. मूळ! कोरचे व्हिडिओ दाखवू नका. एकतर फोनच्या स्पीकरवर त्यांचा चोथा होतो, आणि शो आधीच बघितला तर स्टेडियमवर काय उरलं? ऐकवायचं ते मूळ गाणं, मूळ ऑपेरातला तुकडा, मूळ बॅले. प्रत्येकी एक, दोनदा.

दोनदा का, तर एकदा ऐकलेलं लक्षात राहत नाही. हे सांगायला संगीतज्ञ लागत नाही.

उदाहरणं देतो, म्हणजे मी उगाच डोकं खात नाहीये हे पटेल. दक्षिण कॅरोलायनाच्या कॅरोलायना क्राउनने २०१३ साली ज्या शोवर अजिंक्यपद घेतलं, त्यात फिलिप ग्लासच्या 'आइन्स्टाइन ऑन द बीच' या ऑपेरातलं संगीत होतं. त्या ऑपेरात गायक चक्क आकडे गातात, एक-दोन-तीन-चार. हे ज्याला ठाऊक आहे तो त्या शोला वेगळ्याच कानाने बसतो. ओहायोच्या ब्लूकोट्सनी २०१९ मध्ये अख्खा शो बीटल्सवर केला. तिथे तर आमच्या पिढीलाही शिकवणी लागत नाही, पण मामींनी बीटल्स ऐकलेत का, हे कुणी विचारलंय? विचारा. ऐकले नसतील तर लावा.

आणि २००८ चा स्पार्टाकस. इलिनॉयमधल्या रॉकफर्डचा फँटम रेजिमेंट, संगीतात खाचातुरियनचा त्याच नावाचा बॅले, कथा गुलामांच्या बंडाची. १९६० च्या हॉलिवूड चित्रपटात एकेक गुलाम उभा राहून "मीच स्पार्टाकस" म्हणतो, ती ओळ पोरांनी मैदानावर ओरडली आणि स्टँडमधल्या लोकांनी त्यांच्याबरोबर ओरडली. संगीत, गोष्ट, आरोळी, तिन्ही लोकांच्या डोक्यात आधीपासून होतं. कोरने फक्त काडी लावली. ते जिंकले ०.०२५ गुणाने, शंभरपैकी. तो शो आज कुणाला कोरा दाखवा, चांगला वाटेल, पण गळा दाटणार नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही पाहुण्यांना म्हणाल की ओळखीचं गाणं आलं की टाळ्या वाजवा, आणि मग ते ओळखीच्या गाण्याची वाट बघत बसतील. १९९३ साली स्टार ऑफ इंडियाना या कोरने बार्टोक आणि बार्बर यांचं कडू, टोकदार संगीत घेऊन ग्रीक शोकांतिकेतल्या मेडीयाचा शो केला. लोकांना पचला नाही, काही ठिकाणी स्टँडमधून हुर्यो झाली. फायनलला ते कॅडेट्स या कोरच्या मागे एक दशांश गुणाने दुसरे आले आणि स्पर्धेतून कायमचे बाहेर पडले. तीच मंडळी पुढे 'ब्लास्ट' नावाचा रंगमंचावरचा प्रयोग घेऊन ब्रॉडवेला गेली आणि २००१ मध्ये टोनी हा नाट्यपुरस्कार घेऊन आली. आज जाणकार त्या 'मेडीया'चं नाव आदराने घेतात. तेव्हा एखादा शो डोक्यावरून गेला तर हरकत नाही, नाक मुरडू नका. फक्त मूळ आधी ऐकून ठेवा, म्हणजे डोक्यावरून काय गेलं ते तरी कळेल.

काही शो कुठल्याही तयारीविना पकडतात, तेही खरं. ब्लूकोट्सच्या २०१४ च्या 'टिल्ट'मध्ये सिंथेसायझर आणि अख्खी हॉर्न लाइन, म्हणजे पितळी वाद्यांचा ताफा, मिळून सूर असा खाली घसरवतात की पायाखालची जमीन कलल्यासारखी वाटते. २०१६ ला त्याच कोरची पोरं मोठमोठ्या घसरगुंड्यांवरून वाद्यांसकट खाली येत होती, आणि त्या वर्षी त्यांनी पहिलं अजिंक्यपद नेलं. असं काही आलं की मामा गाण्याशिवायही उठतील. पण असं काही येईलच या भरवशावर तीन तास गाडी चालवायची? मी चालवली होती. नाही आलं.

तर, गाणी. प्रवासात लावा. आय-६५ वर गॅरी मागे पडलं की पुढे मका, सोयाबीन आणि पवनचक्क्या, बघायला काही नाही. पहिला तास मामांना क्रिकेटवर बोलू द्या, मग लावा. "हे काय रडगाणं" म्हणतील. म्हणू द्या, बंद करू नका. मागच्या वेळी मी भिडेखातर त्यांना भावगीतं लावून दिली होती, त्याचं फळ वर लिहिलंय.

ताशेवाल्या माणसासाठी एक खास गोष्ट राखून ठेवा, पहिला शो सुरू होण्यापूर्वी सांगायची. मैदानाच्या पुढच्या रेषेपासून मागच्या रेषेपर्यंत १६० फूट. मागच्या ढोलांचा आवाज पुढे पोचायला सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा लागतो. पुढे मारिंबा-झायलोफोनवाले बसलेले असतात, त्याला पिट म्हणतात. त्यांनी समोर हात हलवणाऱ्या ड्रम मेजरकडे बघून वाजवलं तर वर बसलेल्यांना दोन वेगळे ठोके ऐकू येतील. म्हणून ते हात बघत नाहीत, मागून येणारा आवाज कानावर घेऊन त्यावर वाजवतात. मामांना हे मी मागच्या वेळी मध्यंतरात सांगितलं, हॉट डॉगच्या रांगेत. ते थबकले. हातातले पैसे तसेच धरून म्हणाले, "म्हणजे लक्ष्मी रोडवर शेवटच्या रांगेला ताशा उशिरा पोचतो आणि ढोल मागे पडतात, तेच की. यांनी त्याचा बंदोबस्त केलाय होय!" उरलेला सगळा वेळ ते वाकून फक्त पिटकडे बघत होते. संध्याकाळी सहाला सांगायला हवं होतं.

जमलं तर दुपारी लवकर पोचा आणि स्टेडियमच्या आसपास ड्रमलाइन सराव करत असतात तिथे घेऊन जा. फुकट आहे, हातभर अंतरावरून स्नेअरच्या काठ्या दिसतात. टिपरू धरलेल्या माणसाला वेगळं काही समजवावं लागत नाही.

टाळ्यांबद्दल: शास्त्रीय मैफलीसारखं शेवटपर्यंत थांबायचं नसतं. मध्येच उठतात, ओरडतात. ब्लूकोट्स आले की लोक लांबलचक "ब्लूऽऽऽ" करतात, ती हुर्यो नव्हे, हे आधी सांगा. मामींना वाईट वाटेल नाहीतर. संथ गाणं येतं, त्याला बॅलड म्हणतात. पोरं प्रेक्षकांकडे पाठ फिरवून हळू वाजवतात आणि मग सगळे एकदम प्रेक्षकांकडे तोंड करून वळतात. तेव्हा पाण्याच्या बाटलीत डोकं घालून बसू नका. आणि बॅलडचं मूळ गाणं तर नक्की ऐकवा. बाकी सगळी गाळली तरी ते एक. गाणं माहीत नसलेल्याला तो नुसता मोठा आवाज.

गुणांचं गणित विचारलं तर एवढंच: शंभरपैकी चाळीस एकूण परिणामाला, तीस दृश्याला, तीस संगीताला. म्हणजे प्रेक्षकाला धरून ठेवण्याला सगळ्यात मोठा वाटा. पुढचं खोलात नको.

उरलेलं पटापट. पारदर्शक पिशवी, दुसरी आत नेऊ देत नाहीत. खाणं गाडीतच संपवा. आत एसी, मामींना शाल. कानात घालायला बोळे, निदान एक जोड. पार्किंग आधी बुक. आतून बाहेर पडताना भेटायची जागा ठरवा, फोन लागत नाही.

निकाल उशिरा लागतो, थांबा. घड्याळाचं बघा: इंडियानापोलिस शिकागोच्या एक तास पुढे आहे, त्यामुळे जाताना एक तास लवकर निघायचं. येताना तो तास परत मिळतो, पण तोवर गाडीत सगळे झोपलेले असतात.