कंपनीच्या स्वतःच्या दालनाचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा

फोन किंवा लॅपटॉप घरबसल्या मागवता येत असताना तंत्रज्ञान कंपन्या मोक्याच्या जागी मोठी दालने का उघडतात, हे आधी समजून घेतले, तर तेथे जाऊन काय मागावे हे स्पष्ट होते. मायक्रोसॉफ्टने जून २०२० मध्ये आपली दुकाने कायमची बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा लंडन, न्यूयॉर्क, सिडनी आणि रेडमंड येथील चार जागा मात्र राखल्या आणि त्यांना अनुभव केंद्रांचे रूप दिले. ॲपलने मे २००१ मध्ये अमेरिकेत पहिली दोन दुकाने उघडली, तेव्हापासूनच दुरुस्तीचा सल्ला देणारा ‘जीनियस बार’ दुकानाच्या आत होता. विक्री संकेतस्थळावर होऊ शकते. वस्तू हाताळून पाहणे, ती वापरायला शिकणे आणि बिघडल्यावर समोरासमोर बसून दाखवणे तेथे होत नाही. माझ्या मते या दालनांचे भवितव्य याच तीन गोष्टींवर अवलंबून आहे, म्हणून ग्राहकाने तेथे वस्तूइतकाच वेळही हक्काने मागावा.

महाराष्ट्रात ॲपलची स्वतःची दालने मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात १८ एप्रिल २०२३ पासून आणि पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये सप्टेंबर २०२५ पासून सुरू आहेत. सॅमसंगचे मोठे दालन जानेवारी २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातच सुरू झाले. शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जावे, कारण शनिवार-रविवारच्या गर्दीत मनासारखा वेळ मिळणे कठीण असते.

मांडून ठेवलेला फोन तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, की त्यात आपल्यासारखी हजारो छायाचित्रे आणि संदेश साठलेले नसतात, त्यामुळे तो वेगवान वाटतोच. त्यापेक्षा आपल्या रोजच्या कामाची परीक्षा घ्यावी. मराठी कळफलक सुरू करून ‘वाऱ्यावर’, ‘बाळ’, ‘ॲप’ असे शब्द लिहून पाहावेत, बोलून मराठी मजकूर उमटतो का ते पाहावे आणि घरातील ज्येष्ठांसाठी अक्षरे मोठी केल्यावर पडद्यावरील बटणे झाकली जात नाहीत ना, याची खात्री करावी. दालनातील प्रकाशयोजना कॅमेऱ्याला अनुकूल असते. म्हणून टेबलाखालच्या अंधाऱ्या जागेचे आणि चालत्या माणसाचे छायाचित्र काढल्याशिवाय कॅमेऱ्याविषयी मत बनवू नये. लॅपटॉप असेल, तर उभ्याने नव्हे, बसून पाच-दहा मिनिटे टंकन करावे.

किमतीच्या बाबतीत घाई करू नये. कंपनीच्या दालनात माहिती चांगली मिळते, पण तीच वस्तू अन्यत्र बँकेच्या कॅशबॅकसह स्वस्त मिळू शकते. दुसरीकडे, अनेक कंपन्यांचे फोन विकणाऱ्या दुकानात एकाच मॉडेलचा आग्रह धरणारी व्यक्ती पुष्कळदा त्या कंपनीनेच नेमलेली असते, हेही ध्यानात असू द्यावे.

वस्तू वापरायला शिकवणे हा या दालनांचा सर्वांत मोलाचा आणि आपल्याकडे सर्वांत कमी वापरला जाणारा भाग आहे. ॲपलच्या दालनांत ‘टुडे ॲट ॲपल’ या नावाने छायाचित्रण, चित्रकला, संगीत यांची विनामूल्य सत्रे होतात. नाव आधी नोंदवावे लागते. आई-वडिलांना अशा सत्राला अवश्य न्यावे. मुंबईचे दालन उघडताना तेथील कर्मचारी मिळून २० हून अधिक भाषा बोलतात, असे कंपनीने सांगितले होते. तेव्हा मराठीत समजावून सांगणारी व्यक्ती मागण्यात संकोच बाळगू नये. जुन्या फोनमधील माहिती नव्यात तेथेच भरून घ्यायची असेल, तर बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम सोबत हवे, कारण यूपीआयची नोंदणी नव्या फोनवर पुन्हा करावी लागते.

दुरुस्तीसाठी जाताना वेळ आरक्षित करावी, मूळ बिल सोबत ठेवावे आणि सर्वप्रथम बॅकअप, म्हणजे फोनमधील माहितीची दुसरीकडे प्रत, घ्यावा. माझ्या आईचा फोन एका सेवा केंद्रात देताना मी हे केले नाही आणि तिच्या माहेरची सगळी छायाचित्रे गेली. त्याची हळहळ मला आजही वाटते. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो सुरू केल्यास दुरुस्ती करणाऱ्याला आपली खासगी माहिती दिसत नाही. फोन जमा करताना मिळणाऱ्या नोंदपत्रकावर, म्हणजे जॉबशीटवर, पासकोड लिहून देऊ नये. फोनवरील आधीचे ओरखडे आणि आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) जॉबशीटवर नोंदवून घ्यावेत, खर्चाचा अंदाज लेखी मागावा. आयफोनसाठी ‘ॲपलकेअर+’ ही ॲपलची सशुल्क संरक्षण योजना घेतलेली असेल आणि बॅटरी मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल, तर ती विनामूल्य बदलून मागता येते; साध्या वॉरंटीत केवळ सदोष बॅटरी बदलून मिळते. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

चेहऱ्यावर घालायची उपकरणे येऊ लागली आहेत, तसे दालनात प्रत्यक्ष जाणे अधिकच गरजेचे होईल. फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीने २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात आपले पहिले दुकान उघडले, ते अशी उपकरणे लोकांना घालून पाहता यावीत म्हणूनच. ॲपलनेही २०२४ मध्ये ‘व्हिजन प्रो’ हे डोळ्यांवर घालायचे उपकरण अमेरिकेत आणले, तेव्हा दालनात वेळ ठरवून सुमारे अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक ठेवले, ज्यात ग्राहकाच्या चष्म्याच्या काचा तपासून त्यानुसार भिंगे बसवली जात. असे उपकरण पाहायला जाताना आपला रोजचा चष्मा सोबत न्यावा आणि ते निदान पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावे, कारण मानेवर येणारा भार पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही.